पिकअप घेतली, ट्रेलर जोडला, की धंदा सुरू? अमेरिकेतल्या ‘कार हॉलिंग’चं खरं गणित काय?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. शिफ्ट संपवून घरी पोहोचलो आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. पलीकडे इंजिनीअरिंग कॉलेजचा मित्र. तो डॅलसजवळ राहतो, तिकडे दुपारचा एक वाजला होता. कॅमेरा फिरवून त्याने एक भलीमोठी पांढरी पिकअप दाखवली. मागच्या बाजूला दोन-दोन चाकांची जोडी, डिझेल इंजिन, जुन्या गाड्यांच्या यार्डात उभी. “भावा, हिला मागे ट्रेलर लावायचा आणि लोकांच्या गाड्या पोहोचवायच्या. दिवसाला हजार डॉलर. घेऊ का?”

आयटीतली नोकरी जाऊन त्याला तीन महिने झाले होते. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे देश सोडायची वेळ नव्हती. बायकोची नोकरी चालू आहे. घराच्या डाउन पेमेंटसाठी बाजूला ठेवलेले ४० हजार डॉलर हातात होते. ते तो या पिकअपमध्ये घालायला निघाला होता आणि त्यामागे होतं मोबाइलवर पाहिलेलं दीड मिनिटाचं एक रील.

तुम्हीही ते रील पाहिलं असेल. हायवे, सूर्यास्त, मागे ट्रेलरवर तीन चकाचक गाड्या आणि स्क्रीनवर डॉलरचा आकडा. असे व्हिडिओ आपल्याकडेही जोरात फिरतात. ज्यांचा मुलगा, भाऊ, मित्र तिकडे आहे, त्यांच्या घरी तर हा विषय निघतोच. त्या कॉलनंतर पंधरा दिवस आम्ही दोघांनी मिळून एक एक्सेल शीट भरली. त्यातून जे कळलं, ते इथे सांगतो.

मुळात गाड्या दुसऱ्याच्या ट्रेलरवर का जातात?

गाडी चालवत नेता येते, मग ट्रेलर कशाला, हा आपला पहिला प्रश्न. अमेरिकेत अंतरं मोठी आहेत आणि वापरलेल्या गाड्यांचा बाजार त्याहून मोठा. तिथले डीलर बऱ्याच गाड्या लिलावातून उचलतात. मॅनहाइम ही त्यातली सर्वांत जुनी-मोठी कंपनी, १९४५मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या याच नावाच्या गावात सुरू झालेली. कोपार्टसारख्या कंपन्या अपघातग्रस्त, विम्यात गेलेल्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव करतात. टेक्सासमधल्या डीलरने जॉर्जियातली गाडी मोबाइलवर बोली लावून घेतली, की ती कुणीतरी आणून द्यायला हवी.

त्याशिवाय नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जाणारी कुटुंबं आहेत. ‘स्नोबर्ड’ म्हणवणारे निवृत्त लोकही आहेत. थंडी सुरू झाली की ते उत्तरेकडून फ्लोरिडा, ॲरिझोनाला जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. स्वतः विमानाने, गाडी ट्रेलरवर. त्यामुळे एका मोसमात दक्षिणेकडे भाडं चांगलं मिळतं आणि त्याच वेळी उत्तरेकडे यायला गाड्या मिळत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे हिशेबात तो छळणार आहे.

आठ-नऊ गाड्या घेऊन जाणारे लांबलचक ट्रक मोठ्या कामासाठी असतात. पण एखाद्या छोट्या गावातून एकच गाडी उचलायची आहे, गल्ली अरुंद आहे, गाडी बंद पडलेली आहे, अशा ठिकाणी पिकअपवाला लागतो. एक, दोन किंवा तीन गाड्यांचा ट्रेलर त्याच्याकडे असतो. काम मिळतं ते बहुतेक ‘लोड बोर्ड’वरून. आपल्याकडे ट्रान्सपोर्ट नगरात दलालाच्या टपरीसमोर भाड्याची वाट बघत ट्रक उभे असतात, त्याचीच ही ऑनलाइन आवृत्ती. गाड्यांसाठी सेंट्रल डिस्पॅच हा सर्वांत वापरला जाणारा बोर्ड.

दारावरचं स्टिकर आधी वाचा

मित्राने पिकअपचं इंजिन दाखवलं, सीट दाखवल्या, टायर दाखवले. मी म्हटलं, ड्रायव्हरचं दार उघड आणि चौकटीवरचं स्टिकर दाखव. मेकॅनिकलची डिग्री कुठेतरी कामाला आली.

त्या स्टिकरवर गाडीची कमाल वजनमर्यादा छापलेली असते. गाडी, डिझेल, माणसं, माल असं सगळं धरून. तिकडे तिला ‘जीव्हीडब्ल्यूआर’ म्हणतात. ट्रेलरवरही अशी पाटी असते. या दोन आकड्यांची बेरीज तुमचा अख्खा धंदा ठरवते, कारण अमेरिकेचा कायदा दोन ठिकाणी रेघ ओढतो.

पहिली रेघ १०,००१ पौंडांवर, म्हणजे साधारण साडेचार टनांवर. पिकअप आणि ट्रेलर मिळून मर्यादा याच्या वर गेली आणि तुम्ही भाड्यासाठी राज्याची हद्द ओलांडली, की तुम्ही कायद्याच्या लेखी व्यावसायिक वाहन चालवताय. वैद्यकीय प्रमाणपत्र, कामाच्या तासांची नोंद, वाहनाची वार्षिक तपासणी हे सगळं लागू. लोक म्हणतात, ‘मोठा ट्रक नाही, साधी पिकअप तर आहे.’ रस्त्यावर तपासणी करणारा अधिकारी ते ऐकून घेत नाही.

दुसरी रेघ २६,००१ पौंडांवर, पावणेबारा टनांच्या जरा वर. दोन्ही मिळून मर्यादा तिथे पोहोचली आणि ट्रेलर १० हजार पौंडांहून जास्त मर्यादेचा असेल, तर व्यावसायिक वाहनचालक परवाना म्हणजे ‘सीडीएल’ लागतो. त्यासाठी प्रशिक्षण, परीक्षा, अमली पदार्थांची चाचणी. शिवाय २६ हजारांच्या वर राज्याराज्यांत वाटल्या जाणाऱ्या इंधन कराचे हिशेब सुरू होतात.

म्हणून तिकडे एक ठरलेली जोडी आहे. फोर्ड एफ-३५० किंवा रॅम ३५०० यांच्या मागच्या दुहेरी चाकांच्या मॉडेलची मर्यादा १४ हजार पौंडांपर्यंत असते. तिला ११,९९० पौंडांचा ट्रेलर लावला की बेरीज २५,९९०. रेघेच्या जेमतेम आत. मूळचा जास्त ताकदीचा ट्रेलर कंपनीकडून मुद्दाम कमी आकड्याची पाटी लावून घेतात. साध्या लायसन्सवर काम भागतं.

गंमत अशी, की कायदा पाटी बघतो. जास्त मर्यादेचा ट्रेलर तुम्ही रिकामा ओढत असलात तरी त्याला सीडीएल लागतं. आणि पाटी कमी आकड्याची असली, पण काट्यावर वजन जास्त भरलं, तर पाटी वाचवत नाही.

आता खरा घोळ. त्या ११,९९० पौंडांत, म्हणजे सुमारे ५,४४० किलोंत, ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. समजा ट्रेलर २,१८० किलोंचा आहे. उरले ३,२६० किलो. टोयोटा कॅमरीसारखी सेडान दीड टनाच्या आसपास असते. दोन कॅमरी सुमारे ३,०८० किलो, आरामात बसल्या. पण अमेरिकेत रस्त्यावर एसयूव्हीच जास्त. फोर्ड एक्सप्लोरर धरा, सुमारे दोन टन. दोन एक्सप्लोरर चार हजार किलो, मर्यादा सातशे-साडेसातशे किलोंनी ओलांडली. बॅटरीमुळे टेस्लाची मॉडेल वायसुद्धा दोन टनांच्या घरात जाते.

आणि रीलमधल्या त्या तीन गाड्या? या वजनाच्या गणितात तीन सेडानही बसत नाहीत. मित्र म्हणाला, “म्हणजे तीन गाड्यांचा ट्रेलर घेऊन मी दोनच गाड्या न्यायच्या?” हो. नाहीतर सीडीएल काढायचं. दोन्ही मार्ग सरळ आहेत. मधला मार्ग म्हणजे वजनकाट्याला वळसा घालून जाणं. तो बरेच जण घेतात, अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी तोच शोधते.

कागदपत्रं कोणती लागतात?

केंद्रीय पातळीवर हे सगळं फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन बघतं. तिथे नोंदणी करून ‘यूएसडॉट’ क्रमांक घ्यायचा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भाड्याने माल नेण्याची परवानगी वेगळी, तिचं अर्जशुल्क ३०० डॉलर. प्रत्येक राज्यात तुमच्या वतीने कोर्टाची नोटीस स्वीकारणारा प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म भरायचा. दरवर्षीची एकत्रित नोंदणी वेगळी. ही कामं घरबसल्या होतात आणि खर्चही फार नाही.

अडकतं ते विम्यात. दहा हजार पौंडांच्या वरच्या गाडीने राज्याबाहेर भाडं मारायचं, तर अपघातात तिसऱ्या पक्षाचं नुकसान भरून देण्यासाठी किमान साडेसात लाख डॉलरचं संरक्षण कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या रुपयांत सहा कोटींहून जास्त. प्रत्यक्षात बहुतेक दलाल दहा लाख डॉलरचा विमा दाखवा म्हणतात. ट्रेलरवरच्या गाड्यांचा विमा वेगळा. त्याशिवाय तुम्हाला कुणी काम देत नाही. घरच्या गाडीचा विमा भाड्याच्या कामाला चालत नाही, हे बऱ्याच जणांना पहिला दावा फेटाळल्यावर कळतं.

नव्या परवान्याला विमा कंपन्या जास्त हप्ता लावतात, कारण तुमचा काही इतिहासच नसतो. काही कंपन्या तर नव्याला घेतच नाहीत. मित्राला माझा सल्ला होता, पिकअपचा सौदा करण्याआधी दोन-तीन एजंटांकडून विम्याचे दर लेखी माग. त्याने मागवले. त्या दिवशी त्याचा आवाज पहिल्यांदा जरा उतरला.

परवानगी मिळाल्यावर पहिले १८ महिने तुम्ही ‘नवे’ म्हणून देखरेखीखाली असता. पहिल्या वर्षभरात सुरक्षा तपासणी होते. चालकाचे कागद, तासांच्या नोंदी, गाडीची देखभाल हे सगळं तपासतात. एकट्याने धंदा करणाऱ्याला ड्रायव्हर, मेकॅनिक आणि कारकून अशी तिन्ही कामं करावी लागतात, हे त्या तपासणीच्या आदल्या रात्री कळतं.

दिवसाला हजार डॉलर? शीट उघडू

आता पैसे. खालचे दर आम्ही अंदाजाने धरलेत. मोसम, रस्ता, डिझेल बदललं की आकडे बदलतील. पण हिशेबाचा सांगाडा हाच राहतो.

डॅलस ते अटलांटा, साधारण ८०० मैल, म्हणजे १,२८७ किलोमीटर. दोन सेडान, प्रत्येकीला मैलाला ७५ सेंट. एका गाडीचे ६०० डॉलर, दोघींचे १,२००. रील इथे संपतं.

जाताना लोड घेऊन गॅलनला १० मैल ॲव्हरेज धरलं तर ८० गॅलन डिझेल, गॅलनला पावणेचार डॉलर म्हणजे ३०० डॉलर. परत येताना रिकामी गाडी १४ मैल देईल, २१४ डॉलर. टायर, ऑइल, ब्रेक यांचे मैलाला २० सेंट बाजूला काढले, तर जाऊन-येऊन १,६०० मैलांचे ३२० डॉलर. जेवण, मुक्काम, टोल १५० डॉलर. विमा महिन्याला १,५०० डॉलर आणि पिकअप-ट्रेलरचा हप्ताही तेवढाच धरला, महिन्याचे २२ दिवस काम असं मानलं, तर तीन दिवसांचे दोन्ही मिळून सुमारे ४१० डॉलर.

बेरीज केली. खर्च १,३९४, उत्पन्न १,२००. तीन दिवस गाडी चालवून १९४ डॉलर खिशातून गेले.

मित्र गप्प. मग म्हणाला, “अरे पण रिकामं कोण येतं?” बरोबर. सगळा धंदा त्या एका प्रश्नावर उभा आहे. आपल्याकडे लासलगावचा कांदा दिल्लीला टाकून आलेला ट्रकवाला आझादपूर मंडीबाहेर दोन-दोन दिवस थांबतो तो रिटर्न भाड्यासाठीच. तिकडे रिकाम्या फेरीला ‘डेडहेड’ म्हणतात.

परतीला एक गाडी ५०० डॉलरने मिळाली, तर थोडं जास्त डिझेल धरूनही तीन दिवसांचे २७० डॉलर उरतात. दिवसाला ९०. दोन्ही जागा भरल्या तर ७२० डॉलर, दिवसाला २४०. यातून कर जायचा आहे. तिकडे स्वतःचा धंदा करणाऱ्याला प्राप्तिकराशिवाय सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचे मिळून १५.३ टक्के स्वतः भरावे लागतात. नोकरीत त्यातला अर्धा वाटा मालक भरतो.

म्हणजे हजार डॉलर खोटे नाहीत. ते एका दिवसाच्या भाड्याचे आहेत, हातात उरलेले नाहीत. तुलनेसाठी एक आकडा सांगतो. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या अहवालानुसार २०२३मध्ये मोठा ट्रक एक मैल चालवायचा सरासरी खर्च २.२७ डॉलर होता, चालकाचा पगार धरून. आमच्या शीटमध्ये मैलाला ८७ सेंट आले, पण त्यात मित्राच्या स्वतःच्या मजुरीचा रकानाच नव्हता. तो आम्ही नंतर टाकला. शीट लाल झाली.

आणि हे सगळं तीन दिवसांत बसतं, कारण काही बिघडलं नाही असं आपण धरलंय. कायद्याने दिवसाला जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते आणि तीही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. त्यानंतर सलग १० तास विश्रांती. १,६०० मैलांना ताशी ५५च्या सरासरीने २९ तास नुसतं स्टिअरिंग. गाडी चढवणं-उतरवणं, लिलावाच्या गेटवर रांग, घरमालक बाहेर गेलाय म्हणून ताटकळणं, यातले अर्धेअधिक तास कुणी देत नाही. १४ तासांचं घड्याळ मात्र चालूच असतं.

ट्रेलर का डोलतो?

हा भाग मला लिहायचाच होता, संपादकांनी कापला नाही म्हणजे मिळवली.

ट्रेलरचं वजन कुठे पडतं, यावर तुमचा जीव अवलंबून आहे. मागच्या हुकला जोडायच्या साध्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार त्या हुकवर यायला हवा. गाडी जास्त मागे उभी केली तर मागचं वजन तराफ्यासारखं पुढचं टोक उचलतं, हुकवरचा भार कमी होतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलायला लागतो. एकदा डोलणं वाढलं की पिकअपचा ब्रेक दाबून ते थांबत नाही, उलट बिघडतं. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायची कळ असते ती दाबायची.

म्हणून धंदेवाले ‘गूसनेक’ ट्रेलर घेतात. त्याची मान पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळ बसते. तिथे जास्त भार पेलतो आणि डोलणं कमी होतं. पण तो भार आता पिकअपच्या आसावर आलाय, हे विसरायचं नाही. पुन्हा ते दारावरचं स्टिकर.

गाडी बांधायचे नियमही ठरलेले आहेत. पुढून आणि मागून, दोन्हीकडून बांधलेली हवी. सगळ्या पट्ट्यांची मिळून कामाची क्षमता गाडीच्या वजनाच्या किमान निम्मी. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून पट्टे तपासायचे आणि मग दर १५० मैलांना किंवा तीन तासांना, जे आधी येईल तेव्हा. नवीन माणूस इथेच कंटाळा करतो. पट्टा टायरवरून घेतला तर गाडीचं सस्पेन्शन मोकळं राहतं. चेसिसला घट्ट ओढून बांधला तर खड्ड्यात गाडी दबते, पट्टा क्षणभर सैल होतो आणि हुक निसटू शकतो.

शेवटचं, फोटो. गाडी घेताना चारही बाजूंनी, छत, चाकं, किलोमीटरचा आकडा. जुना ओरखडा तुमच्या नावावर आला तर त्या फेरीची कमाई तिथेच गेली.

दलाल पैसे कधी देतो?

बरेचदा महिन्याभराने. डिझेलवाला मात्र लगेच मागतो. मधली दरी भरायला ‘फॅक्टरिंग’ कंपन्या आहेत. तुमचं बिल विकत घेऊन काही टक्के कापून लगेच पैसे देतात. मार्जिन आधीच पातळ, त्यातून हे टक्के.

त्यातही एक धोका आहे. एक दलाल काम घेतो, गुपचूप दुसऱ्याला देतो, तो तिसऱ्याला. गाडी तुम्ही पोहोचवलेली असते आणि मधला माणूस पैसे घेऊन गायब. अमेरिकेत परवानाधारक दलालाला ७५ हजार डॉलरची हमी ठेवावी लागते. पण बुडवलेले वाहतूकदार खूप असले तर ती हमी सगळ्यांत वाटली जाते. काम घेण्याआधी दलालाचा परवाना सरकारी साइटवर तपासायचा आणि बोर्डावर दिलेला फोन नंबर त्या नोंदीतल्या नंबरशी जुळतो का, ते बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या ओळखीतला माणूस हे करू शकतो का?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. एच-१बी व्हिसावर असलेला माणूस ज्या कंपनीने त्याचा अर्ज केला, तिच्याचसाठी काम करू शकतो. शनिवार-रविवारी पिकअप चालवून भाडं कमावणं त्याला चालत नाही. स्टुडंट व्हिसावरच्या विद्यार्थ्यालाही नाही. एच-४वर असलेल्या जोडीदाराला वेगळा वर्क परमिट मिळालेला असेल तरच. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक करू शकतात. ‘कंपनी बायकोच्या नावावर, चालवणार मी’ ही युक्ती सांगणारे बरेच भेटतील. पकडलं गेलं तर पुढचा व्हिसा, ग्रीन कार्ड सगळंच अडचणीत येतं.

आणखी एक. व्यावसायिक वाहन चालवणाऱ्याला इंग्रजी वाचता-बोलता यायला हवं, हा नियम जुनाच. २५ जून २०२५पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली. रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजीत उत्तरं देता आली नाहीत, तर चालकाला तिथेच कामावरून थांबवतात.

आणि आपल्याकडे?

हे आपल्याकडे जसंच्या तसं होणार नाही. आपल्या पिकअपचा हौदा साधारण नऊ-दहा फुटांचा, म्हणजे तीन मीटरच्या आसपास. आपल्या छोट्या गाड्याही चार मीटरला टेकलेल्या. टाटा एससारख्या छोट्या टेम्पोची क्षमता पाऊण टनाच्या आसपास, स्विफ्ट त्याहून जड. मागे ट्रेलर लावायचा तर त्याची वेगळी नोंदणी हवी, जशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची असते. चाकण, रांजणगावच्या नव्या गाड्या लांब कार कॅरियरने आणि रेल्वेने जातात, त्यात छोट्या माणसाला जागा नाही.

त्यामुळे इथे हे काम करणारे लोक ४०७च्या वर्गातल्या छोट्या ट्रकवर कलता फ्लॅटबेड आणि विंच बसवून घेतात. बंद पडलेल्या, अपघातातल्या गाड्या, शोरूमच्या डिलिव्हरी, पुण्याहून नागपूरला बदली झालेल्यांच्या गाड्या. वजनाच्या रेघा इथेही आहेत. तीन हजार किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यात परमिटची सूट आहे, त्यापुढे परमिट लागतं आणि फ्लॅटबेड बहुतेक त्यापुढेच जातो. साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं. पांढऱ्या नंबरप्लेटवर मात्र भाडं मारता येत नाही. बॉडी बदलली की आरटीओत नोंद करावी लागते, ती नसेल तर विमा दाव्याच्या वेळी तोंड फिरवतो. यावर वेगळा लेख करायचा आहे, इथे एवढंच.

मग मित्राने काय केलं?

ती पांढरी पिकअप आठवडाभरात दुसऱ्या कुणीतरी घेतली. मित्राला वाईट वाटलं, दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. मग त्याने डॅलसमधल्याच एका माणसाकडे काम धरलं, त्याच्याकडे अशा दोन जोड्या आहेत. पिकअप मालकाची, विमा मालकाचा, मित्राला भाड्यातला ठरलेला टक्का. डाउन पेमेंटचे ४० हजार बँकेतच आहेत. शिवाय सीडीएलच्या लेखी परीक्षेचा अभ्यास चालू आहे. इंजिनीअरिंगच्या चौथ्या वर्षानंतर पहिल्यांदाच पुस्तक हातात घेतलं, म्हणतो.

शीट आम्ही बंद केली नाही. फक्त अंदाजाचे आकडे खोडून तो आता खरे भरतो. डिझेलचा आमचा अंदाज बरा निघाला, टायरचा साफ चुकला. ‘परतीचं भाडं’ या रकान्यात आतापर्यंत सहा फेऱ्यांची नोंद आहे. दोनदा दोन्ही जागा भरल्या, दोनदा एकच गाडी मिळाली, दोनदा रिकामा आला. गेल्या शनिवारी अलाबामातून मेसेज होता, “परतीला एक गाडी मिळतेय, पण ४००च देतायत. मालक विचारतोय, घ्यायची का?” मी शीटमध्ये ४०० टाकून बघितले. तीन दिवसांचे १७० उरत होते. घे म्हटलं, आणि आधी तिचं वजन विचार.